तोतलाडोहची मोजपट्टी कोणाची?

मोजपट्टीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पाटबंधाऱ्यात एकतीस वर्षं काढून आता नागपुरात मानेवाड्याला निवांत बसलोय. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही रोज सकाळी धरणाचे आकडे वाचता, शेअर बाजार वाचल्यासारखे. खरंय. सवय जात नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, मग मुद्द्यावर येतो. एका पावसाळी रात्री चौकीवरचा फोन वाजला. साल नको, नदीचंही नाव नको. वरच्या धरणावरून निरोप होता, "पाचशे सोडून राहिलो." मी कंदिलाच्या उजेडात वहीत लिहिलं, ५०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला पाचशे घनफूट. एवढं पाणी म्हणजे नदीला घोटभर, त्यामुळे खालच्या गावांना उठवलं नाही. ते पाचशे क्युमेक होते, सेकंदाला घनमीटर. एका क्युमेकचे पस्तीस क्युसेक होतात, म्हणजे साडेसतरा हजारांच्या वर. माणूस कोणी गेलं नाही, देवाची कृपा. पण काठावरच्या पंपाच्या मोटारी गेल्या. दुपारी एक शेतकरी गाळानं भरलेली पाच अश्वशक्तीची मोटार बैलगाडीत घालून आला, चौकीच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही. दोन दिवस ती मोटार तिथंच होती आणि तिच्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मुद्दा. नागपूरकर ज्या पाण्यावर जगतात ते पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं. जलाशय ७२ चौरस किलोमीटरचा, त्यातले ५४ मध्य प्रदेशात. आपण तोतलाडोह म्हणतो, पलीकडचे मेघदूत म्हणतात. वरच्या अंगाला पेंचवरच जे धरण झालं ते आपल्या तोंडी चौराई, त्यांच्या तोंडी माचागोरा. एका नदीवरच्या दोन धरणांना चार नावं, मग आकडे किती असतील विचार करा.

२०१९ च्या जुलैत शहरात दिवसाआड पाणी आलं. सगळ्यांनी चौराईकडे बोट दाखवलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी तोतलाडोहचे १४ ही दरवाजे उघडले आणि पेंच-कन्हानकाठची गावं पाण्यात गेली. तेव्हाही बोट तिकडंच. पाणी कमी आलं तरी त्यांचा दोष, जास्त आलं तरी त्यांचाच. खरा हिशेब कोणाकडे आहे? दोन्ही राज्यांची सही असलेली, दोघांनी मिळून वाचलेली पातळी कुठल्या वहीत आहे? मला तरी वाटतं, पाणी वाटायच्या आधी मोजपट्टी एक हवी. तुमचं काय मत?

इतवारीचा_पोट्टा

काका, मोटारीची गोष्ट वाचून गप झालो. बाकी, दोन राज्यं मिळून एक वही लिहिणार? अबे, आमच्या वाड्यात चार भाडेकरूंचा एक नळ आहे, त्याची वेळ ठरवताना तीन वेळा पोलीस आले.

विंडसरची_वहिनी

मोजपट्टीवाले काका, मी मूळची धरमपेठेची, गेली अठरा वर्षं कॅनडात, विंडसरला. खिडकीतून डेट्रॉईट दिसतं. मधे नदी, नदीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा. तुम्ही म्हणता ती वही इथं आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

१९०९ साली अमेरिका आणि ब्रिटन (तेव्हा कॅनडाचे व्यवहार तेच बघत) यांनी सीमेवरच्या पाण्याचा करार केला. त्यातून इंटरनॅशनल जॉइंट कमिशन निघालं. सहा सदस्य, तीन इकडचे, तीन तिकडचे. गंमत अशी की त्यांनी आपापल्या देशाचे वकील म्हणून बसायचं नसतं, सहा जणांनी मिळून एक खंडपीठ म्हणून बसायचं असतं. करारात प्राधान्यही लिहून ठेवलंय. आधी पिण्याचं आणि घरगुती पाणी, मग जहाजं, मग वीज आणि सिंचन. आणि एका कलमात असंही, की एका बाजूनं पाणी असं घाण करायचं नाही की दुसऱ्या बाजूच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा होईल. हे १९०९ मध्ये, काका! तेव्हा आपल्याकडे नागपुरात प्लेगची भीती होती.

आता तुमची मोजपट्टी. इथल्या मोठ्या तळ्यांची (ग्रेट लेक्स) पातळी दोन्ही देश एकाच आधारपातळीवरून मोजतात. तिचं नाव इंटरनॅशनल ग्रेट लेक्स डेटम. आधी १९५५ चा होता, मग १९८५ चा आला. बदलावा का लागतो? तर हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यामुळे इथली जमीन अजून हळूहळू वर येतेय, आणि सगळीकडे सारखी येत नाही. म्हणजे ज्या दगडावर खूण केली तो दगडच हलतो. म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी दोघं मिळून शून्य पुन्हा ठरवतात. जे पाणी वाटायचं ते नंतर. आधी शून्य कुठं ते ठरवा.

मोजपट्टीवाला

वहिनी, "आधी शून्य कुठं ते ठरवा" हे वाक्य मी आजच डायरीत उतरवलं. आमच्याकडे जमीन हलत नाही, माणसं हलतात. नवा अभियंता आला की जुना बेंचमार्क, पातळीची पक्की खूण, झाडीत सापडत नाही.

तुमच्या आयोगाला धरणाचे दरवाजे उघडायचा अधिकार आहे का, की फक्त वही लिहायचा?

विंडसरची_वहिनी

दोन्ही, पण सगळीकडे नाही. लेक सुपीरियरच्या तोंडाशी आणि लेक ओंटारिओच्या खाली सेंट लॉरेन्सवरच्या धरणाशी पाणी किती सोडायचं ते आयोगाच्या नियमांप्रमाणे ठरतं, आणि त्यासाठी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांची मंडळं आहेत. ओंटारिओचा विसर्ग दर आठवड्याला ठरतो. मधल्या मिशिगन-ह्यूरॉन आणि ईरीला मात्र असा दरवाजाच नाही, तिथं निसर्ग मालक.

पण गोडगोड चित्र नको रंगवायला. ओंटारिओसाठी नवी योजना, प्लॅन २०१४, जानेवारी २०१७ पासून लागू झाली आणि त्याच वसंतात पूर आला. २०१९ मध्ये त्याहून मोठा. काठावरच्यांनी सगळं खापर नव्या योजनेवर फोडलं. न्यूयॉर्क राज्यानं तर आयोगावरच दावा ठोकला. आयोगाचं म्हणणं, पाऊस आणि ईरीकडून आलेलं पाणी एवढं होतं की कुठलीच योजना टिकली नसती. आमच्या शेजारची बाई मात्र अजून म्हणते, "कुणीतरी बटण चुकीचं दाबलं."

इतवारीचा_पोट्टा

म्हणजे शंभर वर्षं एक वही लिहूनही भांडण सुरूच. बढिया. आमच्या वाड्याला हे वाचून दाखवतो.

सौंसरकर

मी पांढुर्णा जिल्ह्यातला, सौंसरचा. मराठीच बोलतो, संत्रा लावतो, पोळ्याला बैल सजवतो, फक्त आमचं राज्य वेगळं. त्यामुळे या धाग्यावर मी "पलीकडचा".

मोजपट्टीकाका, राग नका मानू. २०१९ मध्ये नागपूरच्या पेपरांत आमच्याकडचे लोक पाणीचोर झाले होते. माझा साडू चौराईकडचा. त्याच्या बापानं आयुष्यभर पेंच वाहत जाताना पाहिली आणि शेत कोरडं ठेवलं. आता कालव्याचं पाणी शेताच्या बांधाला लागतंय तर नागपूरवाले म्हणतात आमचं पाणी अडवलं. नदी आमच्या डोंगरातून निघते, बुडीत क्षेत्र बहुतेक आमचं, आणि नळ तुमचा! गाड्या धुवायला पाइप लावून तासभर सोडणारे पाहिलेत मी तुमच्या शहरात, भरउन्हाळ्यात.

पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तोतलाडोहला १६० मेगावॉटचं वीजघर आहे, आमच्या बाजूला. तिथली वीज दोन राज्यं वाटून घेतात, दोन हिस्से मध्य प्रदेश, एक हिस्सा महाराष्ट्र. आमच्या पारावर पेंचच्या पाण्यावरून रोज वाद होतो. विजेवरून झालेला मी एकदाही ऐकला नाही. काहून? तारेला मीटर लावलंय. दोघांना एकच आकडा दिसतो.

मोजपट्टीवाला

सौंसरकर भाऊ, राग कसला. एकतीस वर्षांत मला हे सुचलं नाही ते तुम्ही चार ओळींत सांगितलं. पाणी आणि वीज, दोन्ही त्याच भिंतीतून निघतात. एकाला मीटर, दुसऱ्याला फोनवरचा निरोप.

गाड्या धुण्याबद्दल काही बोलत नाही. आमच्या गल्लीतच एक आहे.

कलम_२६२

थोडं कायद्याचं. मंडळ नाही असं समजू नका. मध्य प्रदेश-महाराष्ट्र आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे. त्याची २८ वी बैठक १० मे २०२५ रोजी भोपाळला झाली, दोन्ही मुख्यमंत्री हजर, तापी खोऱ्यातल्या मेगा रिचार्ज (भूजल भरायच्या) योजनेचा करार झाला. चांगली गोष्ट. फक्त बातम्यांतला एक तपशील लक्षात ठेवा, ही बैठक पंचवीस वर्षांनी झाली. वहिनी सांगतात तिथलं मंडळ आठवड्याला बसतं.

नदी मंडळांसाठी वेगळा कायदाही आहे, १९५६ चा. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. त्याच वर्षीचा दुसरा कायदा आंतरराज्य जलविवादांचा, तो मात्र धोधो वापरला गेला. भांडायचा कायदा चालला, एकत्र बसायचा धूळ खात पडला. गोदावरीच्या लवादाचा निवाडा १९८० चा (आपली पेंच शेवटी गोदावरीतच जाते), त्यात कोणी कुठवर किती वापरायचं याची वाटणी आहे. पण वाटणी म्हणजे वर्षाचा हिशेब. काकांच्या गोष्टीतली मोटार बुडाली ती एका रात्रीत. रात्रीच्या हिशेबासाठी लवाद कामाचा नाही, तिथं रोज बसणारी माणसं लागतात.

देशात अशी माणसं आहेतही. तुंगभद्रा मंडळ १९५३ पासून आहे, धरण मंडळाच्या ताब्यात, राज्यं आपापला हिस्सा घेतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला १९ नंबरचा दरवाजा वाहून गेला तेव्हा मंडळावर टीकाही झाली, पण निदान कोणाला विचारायचं हे माहीत होतं. आठवड्याभरात वाहत्या पाण्यात तात्पुरता दरवाजा बसवला.

कृष्णाकाठी

सांगलीहून हजेरी. तुमचं चौराई, आमचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण. २०१९ च्या पुरानंतर पावसाळ्यात दोन्हीकडचे अभियंते एकमेकांशी बोलतात, विसर्गाचे आकडे येतात. पण आकडा आला तरी लोकांचा त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पूरपट्ट्यातला माणूस आकड्यावर नाही, आयर्विन पुलाच्या खांबावर विश्वास ठेवतो. खांबावरची खूण तो स्वतः बघतो.

वैनगंगाकाठ

पवनीहून लिहितोय. इतका वेळ वाचत होतो, वाट बघत होतो की पातळीवरून कोणी पाण्याच्या गुणाकडे वळतं का. वळलं नाही. मग मीच.

नागपूरकरांनो, तुम्ही वरच्या राज्याकडे बोट दाखवता, जरा खालीही बघा. नाग नदी तुमच्या शहरातून गटार होऊन निघते, कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि ते सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन थांबतं. आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ, आता तर मोठा पूल झाला, लोक सेल्फी काढायला येतात. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा. फोटोत छान दिसतो. आमचे भोई लोक त्या गालिच्यातून डोंगा काढतात तेव्हा वल्ह्याला मुळ्या गुंडाळतात, प्रत्येक चार हातांवर थांबून सोडवायच्या. जाळं वर आलं की मासे कमी, मुळ्या जास्त, आणि वास असा की हाताला राखेनं घासलं तरी संध्याकाळच्या भाकरीला येतो.

चौराईवाल्यांनी तुमचं पाणी अडवलं म्हणता. निदान स्वच्छ अडवलं. तुम्ही आमच्याकडे काय सोडता?

इतवारीचा_पोट्टा

हाओ दादा. यावर मस्करी सुचत नाही. माझं घर नागेच्या काठावरच आहे.

विंडसरची_वहिनी

वैनगंगाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद वाचून शिकागो आठवलं. एकोणिसाव्या शतकात शिकागोची घाण नदीतून मिशिगन तळ्यात जायची आणि त्याच तळ्यातून शहर पाणी प्यायचं. मग १९०० मध्ये त्यांनी कालवा खणून नदीच उलटी फिरवली. घाण तळ्याऐवजी मिसिसिपीकडे. शहर वाचलं. खालच्या मिसुरी राज्यानं दावा केला, हरलं. आणि हे सगळं संयुक्त आयोगाच्या कक्षेबाहेर, कारण मिशिगन तळं पूर्ण अमेरिकेत. सीमेवर करार असला की सीमेच्या आतल्या घाणीकडे कोणी बघत नाही, असंही होतं.

पाण्याच्या गुणावर इथंही उशिराच जाग आली. साठच्या दशकात लेक ईरी मेलं असं पेपर छापायचे. १९७२ मध्ये निक्सन आणि पिएर त्रुदो (माजी पंतप्रधान जस्टिन त्रुदोचे वडील) यांनी तळ्यांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा वेगळा करार केला. मोठ्या सांडपाणी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ वाढवणारा फॉस्फरस लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत हवा, असा नेमका आकडा ठरला. कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट कमी झाला. ईरी बऱ्यापैकी सावरलं.

आणि मग ऑगस्ट २०१४. ईरीच्या पश्चिम टोकाला टोलेडो नावाचं शहर आहे, आमच्यापासून गाडीनं दीड तास. शेतांतून वाहून आलेल्या खतामुळे तळ्यात हिरवं शेवाळ माजलं, त्याचं विष नळाच्या पाण्यात सापडलं. चारेक लाख माणसांना सांगितलं, पाणी पिऊ नका. आणि उकळूही नका, कारण उकळल्यानं ते विष जात नाही, पाणी आटतं आणि विष घट्ट होतं. माझी मैत्रीण तिथं राहायची, बाळ तीन महिन्यांचं. तिनं मला फोन केला, "तुझ्याकडे बाटल्या आहेत का?" मी गाडी भरून निघाले. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं डिकी उघडायला लावली, नुसतं पाणी बघून काही न विचारता सोडलं. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की ईरीच्या पश्चिम भागात जाणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत चाळीस टक्के कमी करायचा. केंद्राच्या पाइपाला मीटर लावता येतं. शेताच्या बांधाला कसं लावणार? अजून तिथंच अडलंय.

वैनगंगाकाठ

वहिनी, "उकळूही नका" हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे आजी अजून म्हणते, उकळून घे, सगळं मरतं.

सौंसरकर

घाणीचा हिशेब निघालाच आहे तर आमचाही मांडतो. छिंदवाड्याचं सांडपाणी कुलबेहरेत, कुलबेहरा पेंचला. परासियाकडे कोळशाच्या खाणी. म्हणजे तोतलाडोह वाघांच्या जंगलात असला तरी वरून येणारं पाणी जंगलातलंच आहे असं नाही. वैनगंगाकाठ भाऊ नागपूरला विचारतात ते नागपूरनं आम्हाला विचारायला हरकत नाही.

कलम_२६२

आणि तेलंगणानं आपल्या सगळ्यांना. वैनगंगा पुढं प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला. गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्र-तेलंगण करार झाला तेव्हा सगळी चर्चा बुडीत क्षेत्राची आणि पातळीची. १०० मीटर ही पातळी सगळ्यांना पाठ. पाण्यात काय विरघळलंय यावर चर्चा झालेली मी तरी वाचली नाही.

मोजपट्टीवाला

मंडळी, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण नवेगाव खैरीला जाऊन आलो. नातवाला घेऊन. त्याला दाखवलं, तोतलाडोहचं पाणी खाली येऊन इथं थांबतं, इथून कालव्यानं शहराकडे जातं. भिंतीच्या कडेला मोजपट्टी आहे, पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रेघा, सेंटिमीटरच्या. एका ठिकाणी रंग उडालाय. पाणी नेमकं तिथंच होतं. पोरगा म्हणाला, "आजोबा, यातला कुठला आकडा?" मी चष्मा पुसला, डोळे बारीक केले आणि अंदाजानं सांगितलं. एकतीस वर्षं हेच केलं, हे त्याला नाही सांगितलं.

वैनगंगाकाठ भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी पातळीवाला माणूस. आमच्या वहीत पाण्याच्या रंगाचा रकानाच नव्हता, उंची आणि वेळ, बस. आता वाटतं की असायला हवा होता. रोज सकाळी वाचन घेणारा माणूस पाण्याजवळ उभाच असतो, वास त्याला येतोच.

सरकारी मंडळ बसायचं तेव्हा बसेल. सौंसरकर भाऊ, तुमच्या साडूला विचारा, या पावसाळ्यात रोज सकाळी आठचा माचागोऱ्याचा साठा तो सांगू शकेल का. तोतलाडोहचा मी टाकतो. वैनगंगाकाठ भाऊंनी आंभोऱ्याला पाण्याचा रंग आणि जलपर्णी कुठवर आली ते लिहावं. इथंच, याच धाग्यावर, तिघांनी एकाखाली एक. कोणी बघो न बघो.

इतवारीचा_पोट्टा

मी नागेच्या पुलावरून रोजचा वास लिहीन. एक ते दहा. मोजपट्टी माझं नाक.

सौंसरकर

साडू तयार आहे. त्याचा पहिलाच प्रश्न, "टक्के सांगू की दलघमी?"

मोजपट्टीवाला

दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. आणि टक्के सांगितलेच तर जिवंत (वापरता येणाऱ्या) साठ्याचे की एकूण साठ्याचे ते लिहायचं. तोतलाडोहला पूर्ण भरल्यावर जिवंत साठा साधारण १०१७ दलघमी धरायचा.

सौंसरकर

तो म्हणतो, त्यांच्याकडच्या कागदावर एमसीएम लिहिलंय.

मोजपट्टीवाला

तेच ते, मिलियन क्युबिक मीटर. नाव वेगळं. विसर्ग मात्र क्युमेकमध्येच सांगायला सांगा, आणि आकड्यापुढं एकक लिहिल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.